गौरीफळाची जाळी

केरबा चेनमनला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो बसलेला होता. पुढं चार वर्षं आम्ही डोंगर तुडवले, दिवसाला दहा-बारा मैल चाललो, तरी आठवायला गेलं की तो मला बसलेलाच आठवतो.

मी सांगलीकडचा. सपाट काळ्या रानातला, उसाच्या सरीत वाढलेला. भूमापन खात्यात लागलो आणि पहिलीच बदली सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला, एका डोंगराळ तालुक्याला झाली. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षाची गोष्ट. ऑफिस म्हणजे दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. त्या पडवीत, गुंडाळून ठेवलेल्या लोखंडी साखळीवर पोतं टाकून, एक काटकुळा माणूस बसला होता. पन्नाशी ओलांडलेला, अंगात एकावर एक दोन सदरे, वरचा खाकी. डोळे उघडे होते, पण तो झोपला असावा असं वाटलं. मी खाकरलो.

"नवं सायब का?" तो न उठता म्हणाला. "बसा. आल्या आल्या हुबं ऱ्हाऊ नगा. हितं हुबं ऱ्हायाला लय मिळतंय."

मोजणीत साखळी ओढायची, झेंडे रोवायचे, आणि मध्ये झाडझाडोरा आला तर कोयत्यानं वाट पाडायची, हे चेनमनचं काम. आमच्याकडं दोन चेनमन होते. दुसरा तरुण आणि चपळ होता. पण अवघड जागेची मोजणी निघाली की मोठे साहेब केरबालाच पाठवत. हळू चालायचा, दर अर्ध्या तासाला "सायब, बसूया का वाईच?" म्हणायचा, पण त्यानं धरलेल्या रेषेत चूक निघत नसे.

डोंगरातल्या जाळीशी माझी ओळख त्यानंच करून दिली. पहिल्याच महिन्यात एका उतारावर रेषा धरून मी नाकासमोर चालत होतो आणि एका हिरव्या झुडपात छातीपर्यंत शिरलो. दिसायला साधी वेल होती. पानं वरून गर्द, खालून पांढरट. एका हिरड्यावर चढून पलीकडे उतरली होती आणि उतरलेल्या फांद्या पुन्हा मातीत रुतल्या होत्या. मी पाय मागं घेतला तशी तिनं मला धरलं. सदरा, विजार, कान, सगळं. जितका हिसका देई तितकं ती घट्ट धरी. रक्त येऊ लागलं. वर झेंडा धरून उभे असलेले गावकरी हसत होते.

केरबा सावकाश आला. आधी जवळच्या दगडावर बसला. मग म्हणाला, "वढू नगा. हिचं काटं उलटं असत्यात. भाईर वढलं की आत घुसत्यात. तुमी अजून पाऊलभर आत जावा. जावा की. आता ती सोडंल."

आत गेलो. आणि खरंच सोडलं. त्यानं काठीनं फांद्या दाबून धरल्या, मी रांगत बाहेर आलो. तोवर त्यानं त्याच वेलीची फळं तोडून पानाच्या द्रोणात घातली होती. मण्यामण्यांची, काळपट जांभळी, वर राखेसारखी लव.

"गवरीफळं," तो म्हणाला. "जाळी बारा म्हैनं हिरवी ऱ्हाती. फळं मातूर उनाळ्याच्या तोंडालाच. खावा. तिनं तुमचं रगात घेतलंय, तुमी तिची फळं खावा. फिटलं."

ती आंबटगोड फळं मी मूठ मूठ तोंडात टाकली. तो एकेक खात होता. एक फळ चावून संपेपर्यंत दुसऱ्याकडं बघायचा नाही. साहेब ताटकळत उभा आहे, गावकरी खोळंबलेत, ऊन चढतंय, याचं त्याला काही नसे. नंतर कळलं, सकाळी निघताना तो घरून काही खाऊन येतच नसे. बायको वारल्यापासून चूल पेटवायचा कंटाळा. एकच मुलगा, तो कामासाठी सांगलीकडं गेलेला.

बायकोबद्दल तो माझ्याशी एकदाच बोलला. त्याच्या गावावरून आम्ही मोटाररस्त्याकडं उतरत होतो. माझे पाय भरून आले होते. रस्ता अजून किती लांब आहे, असं मी विचारलं.

"घरापास्नं रस्ता पावणेतीनशे," तो म्हणाला.

"पावणेतीनशे काय? पावलं?"

"साखळ्या. जुन्या, तेहतीस फुटी."

"मोजल्यात कधी?"

"सोनाला पाठीवर घिऊन आलो तवा. पोटात दुखत हुतं तिच्या. रस्त्याला एष्टी गावंल, एष्टीनं दवाखान्यात न्यावं, असा इचार हुता." दहा-बारा पावलं तो पुढं चालत गेला. "दोनशेपातूर ती बोलत हुती. फुडलं पाऊणशे मीच बोलत आलो."

मग तो रस्त्याकडेच्या मोरीवर बसला. मीही बसलो. एसटी आली, थांबली, गेली. आम्ही पुढच्या गाडीनं गेलो.

असा हा माणूस. चिडलेला मी त्याला पाहिला नाही, आनंदलेलाही फारसा नाही. कुणी रागावलं तर "बरं" म्हणायचा, कौतुक केलं तर "बरं" म्हणायचा. साहेबाच्या हुकमाला त्यानं कधी नाही म्हटलं नाही. मला तो त्याचा गुण वाटायचा.

माझ्या तिथल्या चौथ्या वर्षी, फाल्गुनात, एका वाडीवरची हद्दीची मोजणी माझ्याकडं आली. अर्जदार कोंडाबाई नावाची साठीची विधवा. तिचं म्हणणं, शेजारच्या श्रीपती अण्णांच्या आणि तिच्या रानामधला हद्दीचा दगड खाली सरकलेला आहे. पूर्वी दगड झऱ्याच्या पलीकडं होता, म्हणजे झरा तिचा. आता दगड झऱ्याच्या अलीकडं, म्हणजे झरा त्यांचा. बारमाही पाणी असलेला त्या उतारावरचा तो एकच झरा. तिला खालच्या ओढ्यावरून घागरी वाहाव्या लागत. याआधी दोनदा मोजणी झाली होती. दोन्ही वेळा माझ्या आधीच्या लोकांनी जागेवर दिसला तो दगड खरा मानला होता. वाडीत थट्टा चाले, कोंडाबाईच्या दगडाला पाय फुटलेत म्हणून.

आदल्या संध्याकाळी केरबा माझ्या टेबलापाशी आला. उभा राहिला. तेच मला नवल वाटलं.

"सायब, उद्याच्याला रजा द्या."

"कशाला?"

"आसंच."

दुसरा चेनमन तापानं फणफणला होता. मी म्हटलं, उद्या शक्य नाही. तो "बरं" म्हणून गेला. पुढं मी हजेरीपत्रक काढून पाहिलं. त्या वाडीच्या आधीच्या दोन्ही मोजण्यांना तो रजेवर होता.

दुसऱ्या दिवशी चढाला तो सात वेळा बसला.

मोजणी सुरू झाली. श्रीपती अण्णा सभ्य गृहस्थ. थोरला मुलगा लष्करात. त्यांनी ताक आणवलं, घोंगडं अंथरलं. दगड त्यांच्या बांधाच्या टोकाशी ताठ उभा होता. त्याच्या वरच्या अंगाला, झऱ्याला वेढून पलीकडपर्यंत, गौरीफळाची एक प्रचंड जाळी माजलेली. घराएवढी उंच, चाळीस पावलं रुंद, फळांनी लगडलेली. तिच्या आत काय आहे ते उन्हाला दिसत नव्हतं, माणसाला कुठून दिसणार?

मी जुन्या मोजणीचं टिपण उघडलं. खालच्या खुणेपासून अंतर मोजत आलो. उभ्या दगडाशी ते जुळेना. सात मीटर कमी भरलं. पुन्हा मोजलं, तेवढंच. तिसऱ्यांदा मोजायला हवं होतं. वरच्या खुणेपासून उलटं मोजत यायला हवं होतं. पण त्यासाठी ती जाळी मधून फोडावी लागणार होती. दुपार टळली होती, पाय दुखत होते आणि परतीची वाट लांब होती. जुनी साखळी ताणली गेली असेल, फरक चालतो, असं मी मनाशी म्हटलं. याआधीच्या दोघांनीही असंच म्हटलं असणार. दगड जागेवर आहे, असं लिहायला मी पेन्सिल काढली.

तेवढ्यात कोंडाबाई आली. सोबत सहा-सात वर्षांची नात. म्हातारीच्या हातात पानांचे दोन द्रोण. एक तिनं मला दिला, दुसरा केरबापुढं धरला.

"खा की रं बाबा. सकाळधरनं राबतूयास. दुसरं काय न्हाई माज्याकडं. ही जाळी तेवढी चांगली आली बग आमच्या वाटंला. माजी नातवंडं हिच्यावरच जगली म्हण की. कुणी लावली न्हाई, का पानी घातलं न्हाई. देवानंच दिली."

केरबानं द्रोण हातात घेतला. एक फळ उचललं, तोंडापर्यंत नेलं आणि परत ठेवलं. बराच वेळ तो त्या द्रोणात पाहत राहिला. मग द्रोण जपून एका दगडावर ठेवला, कोयता उचलला आणि मला म्हणाला, "सायब, वाईच थांबा. पेन्शील ठिवा."

तो जाळीत शिरला. मी त्याला शेकडो जाळ्यांत शिरताना पाहिलं होतं. तो आधी फिरून अंदाज घेई, मग वाट काढी. या वेळी त्यानं अंदाज घेतला नाही. घरात जावं तसा सरळ गेला. तासभर कोयत्याचा आवाज येत होता. मग आतून हाक आली.

मी त्यानं पाडलेल्या बोगद्यातून रांगत गेलो. आत हिरवट अंधार होता. केरबा बसला होता, दोन्ही दंड रक्तानं भरलेले. समोर कोयत्यानं उकरलेला वीतभर खड्डा. मी बोटानं माती चाळवली. काळी झाली. कोळशाचे तुकडे. त्या भागात जुन्या मोजणीवाल्यांची रीत होती, हद्दीच्या दगडाखाली कोळसा पुरून ठेवायचे. कोळसा कुजत नाही. टेप लावून पाहिला. टिपणातलं अंतर वितीचाही फरक न पडता जुळलं.

"तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

"मीच उपटला हुता."

फांदीवरून एक मुंगळा त्याच्या मनगटावर उतरला. त्यानं तो झटकला नाही.

"अठरा वर्सं झाली. तवाचं सायब अण्णाच्या बापाकडं उतरलं हुतं. दिसभर आमी समदा डोंगूर मोजला. तिन्हीसांजा झाल्या आन् सायब म्हणलं, केरबा, त्यो दगूड तेवढा खाली आणून लाव. मला कळलं की काय चाललंय. न कळायला काय झालं? पर लय दमलो हुतो. न्हाई म्हणायला बी अंगात जीव लागतो सायब. त्या दिशी न्हवता. उचलला खांद्यावर, आणला, लावला आन् जेवाय बसलो."

"आणि ही जाळी?"

"ती बी माजीच. खड्डा दिसाय नगं म्हणून चार फांद्या आणून मातीत दाबल्या. हिची फांदी कुटंबी टेकवा, धरती. वाटलं, वीतभर वाढंल, खड्डा झाकंल." त्यानं वर पाहिलं. "एवढी हुईल असं न्हवतं वाटलं."

त्याची नोकरी चार-पाच वर्षं उरली होती. ते तेव्हाचे साहेब वारले होते, अण्णांचे वडीलही. मी म्हणालो, "केरबा, आपण एवढंच लिहू. जाळी तोडताना कोळसा सापडला. कुणी काय केलं, ते लिहायची गरज नाही."

"बरं," तो म्हणाला.

आम्ही बाहेर आलो. मी कोळसा दाखवला, अंतर सांगितलं. श्रीपती अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आवं सायब, कोळसा काय कुटंबी निगतो. कुणी कवा चूल मांडली आसंल. दगूड तिथनं हितं आला म्हणताय, तर आणला कुणी त्ये सांगा. कुणी बगितलं? न्हाईतर मी वर अपील करतो. ह्यो कोळसा टिकायचा न्हाई."

ते खरं होतं. टिकला नसता.

केरबा खाली बसला. नेहमीसारखा, दमून. आणि बसल्याबसल्या म्हणाला, "आण्णा, मी आणला. माज्या खांद्यावरनं. तुमचा बा हितं हुबा हुता आन् सायब तितं." त्यानं दोन्ही जागा बोटानं दाखवल्या. मग सगळं पुन्हा सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच, त्याच शब्दांत. दमलो होतो, हेही.

श्रीपती अण्णांनी मान खाली घातली. मला वाटतं, त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. कोंडाबाई पुढं आली. ती ओरडेल, शिव्या देईल असं मला वाटलं. तिचा आवाज उलट खोल गेला होता.

"माजा मालक मरताना मला म्हणाला, दगूड हाय तितंच हाय, तू उगं भांडू नगंस. मी बी म्हणलं, आसंल बाबा. माजीच नजर फिरली आसंल. अठरा वर्सं मी सोताला येडी समजत आले. आन् तू हितनं येत-जात हुतास?"

"व्हय," केरबा म्हणाला.

तिनं दगडावरचा तो द्रोण उचलला आणि नातीच्या हातात दिला. "खा गं," म्हणाली. मग सगळ्यांसाठी पाणी आणायला घरात गेली. केरबालाही तिनं पाणी दिलं, सगळ्यांत शेवटी, त्याच्याकडं न बघता.

मी जबाब लिहून घेतला. केरबाला सही येत होती. अक्षर लावून लावून त्यानं ती केली. उतरताना तो एकदाही बसला नाही. मीच दोनदा बसलो.

पुढं जे व्हायचं ते झालं. त्याला कामावरून थांबवलं, चौकशी लागली. तारखा पडत. प्रत्येक तारखेला तो डोंगर उतरून येई आणि पडवीत बसून राही. साखळीवर बसायचा आता त्याला हक्क नव्हता, म्हणून जमिनीवर. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यानं त्याला विचारलं, "दगड हलवल्याबद्दल तुला काय मिळालं?"

"जेवाण," केरबा म्हणाला.

"आणखी?"

"आणखी काय न्हाई. जेवाण समद्यास्नीच हुतं."

अधिकाऱ्याला वाटलं तो उद्धटपणा करतोय. तसा शेरा कागदावर गेला. मी त्याच्या बाजूनं दोन पानं लिहून दिली. काही उपयोग झाला नाही. पावसाळ्यापूर्वी त्याला नोकरीतून काढल्याचा हुकूम आला. पेन्शन गेली. तो हुकूम मीच त्याला वाचून दाखवला. "बरं," तो म्हणाला. खाकी सदरा काढून घडी करून माझ्या टेबलावर ठेवला. तो सरकारी नव्हताच, त्यानं बाजारातून घेतलेला होता, हे सांगायलाही मला सुचलं नाही.

कोंडाबाईचा दगड मी पुन्हा मूळच्या जागी बसवला. अपील झालं नाही. दगडापुरती जागा मोकळी करावी लागली. बाकीची जाळी तिनं तोडू दिली नाही; झऱ्याकडं घागर घेऊन जाता येईल एवढी वाट मात्र पाडून घेतली. केरबाबद्दल तिनं काही विचारलं नाही.

त्यानंतर वर्षभरात माझी सांगलीला बदली झाली. आणखी तीनेक वर्षांनी कुपवाडला एका कामासाठी गेलो होतो. तेव्हा तिथं नुकते कारखाने उभे राहत होते. पत्र्याच्या शेडा, मधे उघडी रानं, सायकलींवरून येणारी-जाणारी माणसं. एका ओतकामाच्या कारखान्याच्या फाटकाशी स्टुलावर केरबा बसलेला दिसला. मुलगा आत कामाला होता, त्यानंच बापाला राखणीचं काम मिळवून दिलं होतं. केस सगळे पांढरे झालेले. मला ओळखून तो उठू लागला. मी खांदा दाबून त्याला बसवलं.

पुढच्या आठवड्यात मी एक अर्ज तयार करून घेऊन गेलो. सरकारनं दया दाखवून काहीतरी पेन्शन द्यावी, असा. दोन वकिलांना दाखवून लिहिलेला. त्याला वाचून दाखवला. त्यानं शेवटपर्यंत ऐकला.

"परत वाचा. त्यो दाबाचा भाग."

मी वाचलं. सदर कृत्य अर्जदाराने वरिष्ठांच्या दबावामुळे, नाइलाजाने केले.

"दाब न्हवता सायब. त्यांनी नुस्तं सांगितलं. न्हाई म्हणलो आसतो, तर त्यांनी काय मारलं नसतं मला. ती वळ काढा."

"अहो केरबा, सगळा अर्ज त्याच ओळीवर उभा आहे. ती काढली तर काही मिळणार नाही."

"मग नगा."

मी बरंच समजावलं. म्हातारपणाचं सांगितलं, मुलाच्या संसाराचं सांगितलं. तो ऐकत होता, आणि मला वाटत होतं, आता 'बरं' म्हणेल. जन्मभर त्यानं सगळ्याला बरं म्हटलं होतं.

"न्हाई," तो म्हणाला.

बाहेर लॉरीनं हॉर्न दिला. गुडघ्यांवर हात देऊन तो उठला, फाटकाची कडी काढली आणि दोन्ही हातांनी ते जड फाटक ओढत मागं नेलं. लॉरी संथपणे आत शिरू लागली. धुळीत तो फाटक धरून उभा होता. लॉरी पुरती आत जाईपर्यंत तसाच उभा राहिला. मग फाटक पुन्हा ओढलं, कडी घातली, ती बसली का ते हलवून पाहिलं आणि वळला.

मी तिथंच उभा होतो, हातात कागद घेऊन.

"ऊन लय झालंय सायब," तो म्हणाला. "निगा आता."